मुक्कामाची गाडी

मागे फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुझ्या गावात इलेक्ट्रिक बस आली ना? मग मस्त ना?" तुम्हाला शाळेत त्यावर काहीतरी लिहायचं होतं. मी "हो, आली," एवढंच म्हणून विषय बदलला. तुमच्याकडे सकाळ होती, बूट सापडत नव्हते, आणि माझं उत्तर लांबलचक होतं. म्हणून आता बसून नीट लिहिते आहे. कुठे मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या.

आधी जुन्या गाडीचं सांगायला हवं. तुम्ही ती पाहिली आहे. धाकटीने तिच्या चाकाजवळच्या चिखलात चप्पलही घालवली होती. पण ती गाडी शाळेसमोर रात्रभर का उभी असायची, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

आमच्या गावात रस्ता संपतो. बोर्लीहून येणारी वाट सुपारीच्या वाड्यांमधून उतरते, मोहल्ल्यातून जाते, शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत येते आणि तिथेच थांबते. पुढे खाडी. अशा शेवटच्या गावांना मुक्कामाची गाडी असायची. दिवेलागणीला लाल गाडी यायची, शाळेसमोर वळून गावाबाहेर तोंड करून उभी राहायची. ड्रायव्हर गाडीतच दोन बाकांच्या दांड्यांना मच्छरदाणी बांधून झोपायचा आणि कंडक्टर शाळेच्या पडवीत. उजाडायच्या आत इंजिन सुरू व्हायचं. ते तापेपर्यंत बराच वेळ घरघरत राही, आणि त्या घरघरीवर गावातल्या चुली पेटत. मग ती बोर्ली, म्हसळा करत माणगावला जायची. कॉलेजची मुलं, मासळीच्या टोपल्या, कोर्टात तारीख असलेले, दवाखान्याला निघालेले, सगळे तिच्यातच.

त्या दोघांचं जेवण गावाकडे असे. हे कुणी सुरू केलं ते मला माहीत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाही चालू होतं. एक दिवस मोहल्ल्यातल्या घराची पाळी, एक दिवस वरच्या आळीतल्या घराची. पाळ्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या, तरी कधी चुकल्या नाहीत. एखादा ड्रायव्हर मासे न खाणारा निघाला की मोहल्ल्यातल्या बायकांची पंचाईत व्हायची. मग त्या तांदूळ आणि नारळ आमच्याकडे पाठवायच्या, स्वयंपाक आम्ही करायचो, पण पाळी मात्र त्यांची धरली जायची. या बाबतीत भांडणंही व्हायची. ती जेवण द्यावं लागतं म्हणून नसायची, आपली पाळी दुसऱ्याने घेतली म्हणून असायची.

शेवटची काही वर्षं एकच ड्रायव्हर येत होता. घाटावरचा, कराडच्या बाजूचा, डोक्यावर पांढरे केस, निवृत्तीला आलेला. ही ड्यूटी तो मुद्दाम मागून घ्यायचा. डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत ढेकूण आहेत आणि तुमच्याकडे बांगडा आहे, असं त्याचं सरळ कारण होतं. मला तो पहिल्या दिवसापासून आक्का म्हणायचा. त्याची मतं पुष्कळ होती आणि ती विचारावी लागत नसत. जेवण झालं की आमच्या ओटीवर येऊन सुपारी कातरत बसायचा. शेजारची भाभीही यायची.

भाभी म्हणजे तुमची सांदणवाली आजी. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एक दगडी गडगा आहे, तोही मधे पडलेला. आम्ही दोघी या गावात एकाच वर्षी सुना म्हणून आलो. तिचा नवरा आधी आखातात, मग दोन्ही मुलं आखातात. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि ती सगळ्या गावाला पीठ कसं आंबवायचं ते शिकवत होती. मला ती आजही मास्तरीण म्हणते, आणि त्यात मान किती आणि टोमणा किती हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी इलेक्ट्रिक गाड्या येणार असं सगळीकडे चाललं होतं. ड्रायव्हरचं मत ठरलेलं होतं.

"आक्का, टीव्हीत सगळं बरं दिसतंय. घाटात बॅटरी बसली की खाली उतरून ढकलणार कोण? तुमची नातवंडं?"

"तुमची ही डिझेलची काय कमी ढकललीय आम्ही?" मी म्हटलं.

भाभी म्हणाली, "मागच्या पावसात मी सोता ढकललीय. माझी किडनी गेली ती तवांपासून."

"तुम्ही कशाला ढकलली? पेशंटनं आत बसायचं असतंय."

"तवां पेशंट न्हवती ना. तुझ्या गाडीनं केली."

आम्ही हसलो. भाभीच्या दुखण्यावर हसायची परवानगी फक्त भाभी देत असे.

मी त्याच्याशी वाद घालायचे, कारण धुराच्या गाड्या नकोत हे तुमचं म्हणणं मला पटलेलं होतं आणि आजही पटतं. मी त्याला वादळाची आठवण करून दिली. ज्या वाडीत तुमच्या बाबाने सुपाऱ्या वेचल्या, ती एका दुपारी आडवी झाली. समुद्र तापलाय म्हणून अशी वादळं येतात, आणि तो तापलाय त्यात त्याच्या गाडीच्या धुराचाही वाटा आहे, असं मी सांगितलं. तो ऐकून घ्यायचा. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणायचा, "धूर वाईट, मान्य. माझी छाती मला माहीत हाय. पण आक्का, वर बसून जो माणूस नकाशावर बोट ठेवतो ना, त्याचं बोट असतंय हायवेवर. आणि बोट असतंय जाड. तुमचं गाव त्या बोटाखाली झाकून जातंय."

मला ते त्याचं नेहमीचं रडगाणं वाटलं. सरकार म्हटलं की त्याला असंच काहीतरी सुचायचं.

आता भाभीचं दुखणं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. तिचं रक्त यंत्राने स्वच्छ करावं लागायचं, आठवड्यातून दोनदा, माणगावच्या बाजूला. तिला सकाळची पाळी मिळाली होती. पहाटेच्या गाडीने ती वेळेत पोचायची, यंत्रावर पडून राहायची आणि दुपारच्या गाडीने परत यायची. ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा तिची. तिच्या दारात थांबा नव्हता, पण गाडी तिच्या दारात थांबायची. तो हॉर्न दाबायचा, ती आतून ओरडायची, "आले रे, मेले न्हाय अजून!" आणि उशी बगलेत मारून बाहेर यायची. मुलं तिला दुबईला चल म्हणत होती, बहीण मुंब्र्याला ये म्हणत होती. ती म्हणायची, माझी गाडी दारात येते, मी कशाला जाऊ? तिला मरायचं होतं ते याच घरात, खाडीकडच्या खोलीत, आणि ते तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. ती आजारी होती, पण घरी होती. ते त्या गाडीमुळे.

नवी गाडी गणपतीनंतर आली. निळी, चकचकीत, खिडक्यांना मोठ्या काचा. गुरवाने नारळ फोडला, मौलवींनी दुआ मागितली, मुलांनी आरशाला झेंडूची माळ घातली. ती उतारावरून आली तेव्हा आवाजच नव्हता. रस्त्यात बसलेली कुत्री शेवटच्या क्षणी उठली. गाडी आपल्याच ड्रायव्हरकडे होती. तो उतरला तो नव्या जावयासारखा.

"आक्का, मत बदललं आपलं," तो म्हणाला. "घाट असा चढली, जसं कोणी वरनं दोरीनं ओढतंय. गिअर न्हाई, धूर न्हाई, पाठ अजिबात दुखली न्हाई. इतकी वर्सं मी गाडी चालवत न्हवतोच, कुस्ती खेळत होतो."

भाभीला त्याने हात धरून चढवलं आणि शाळेपासून मशिदीपर्यंत एक फेरी मारून आणलं. ती तिच्या जागेवर बसली आणि खाली उतरून म्हणाली, "बाई, या गाडीत हाडं दुखत न्हायत." मला फार बरं वाटलं. तुम्हाला फोटो पाठवले ते त्याच दिवसाचे. त्यात ती हसते आहे.

त्या दिवशी जेवणाची पाळी दुसऱ्या घराची होती. भाभीने भांडून ती घेतली होती. नव्या गाडीचा पहिला मुक्काम आपल्याकडून, असं तिचं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण आणि गोड म्हणून सांदण. कुणीतरी शाळेसमोरची जागा झाडून ठेवली होती, पाण्याचा हंडा भरून ठेवला होता. दिवेलागण झाली. भाभी डबा घेऊन आली. ड्रायव्हर दाराशी उभा होता आणि कंडक्टर आत जागेवरच बसून होता.

"भाभी, डबा बांधून द्या," तो म्हणाला. "गाडीला मुक्काम न्हाई."

"का बाबा? गावानं काय वाईट केलं?"

"गावानं काय न्हाई केलं. हिला रातच्याला डेपोत जायला लागतंय. चार्जिंग तिथं हाय."

"मग हितं लाव की. माझ्या ओटीवर बटन हाय. फोन लावते तिथं लाव."

लोक हसले. तीही हसली, पण तिने ते गमतीने म्हटलं नव्हतं. तिने खरंच मागे वळून आपल्या ओटीकडे पाहिलं, वायर पोचेल का म्हणून. ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला, "ही पाहुणी राहणारी न्हाई, भाभी. सांजच्याला हिला घर गाठायलाच लागतंय."

डबा बांधून दिला. गाडी वळली आणि गेली. जाताना तिचा आवाज आलाच नाही, त्यामुळे ती गेल्यासारखंही वाटेना. झाडलेल्या जागेत पाण्याचा हंडा तसाच होता.

गावात कुणालाच हे आधी का कळलं नाही, असं तुम्ही विचाराल. आम्ही गाडी कशी असेल, किती माणसं बसतील, घाट चढेल का, एवढंच विचारत होतो. गाडी रात्री कुठे झोपणार हे विचारायचं असतं, हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. इतकी वर्षं ती आमच्याकडेच झोपत होती. मला वाटतं, ज्यांनी धोरण केलं त्यांनाही ते सुचलं नसावं. शहरात गाडी रात्री कुठे झोपते याने कुणाचं काही अडत नाही.

आता पहिली गाडी डेपोतून निघून आमच्याकडे पोचेपर्यंत ऊन वर येऊ लागलं. ती पकडून भाभी माणगावला पोचायची तोवर तिची पाळी उलटून गेलेली असायची. दुपारची पाळी मागावी तर परतीची सोय नाही, कारण शेवटची गाडी आता लवकर सुटत होती. तिला आमच्याकडे येऊन पुन्हा डेपो गाठायचा होता.

आम्ही डेपोत गेलो. गावातली चार माणसं, भाभी आणि मी. तिथले साहेब तरुण होते. त्यांनी भाभीला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं अगदी बरोबर आहे." असं म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी म्हटलं, मुक्कामापुरती जुनी गाडी द्या. ते म्हणाले, जुन्या गाड्या मोडीत गेल्या, वय झालेली गाडी रस्त्यावर ठेवता येत नाही. मी म्हटलं, मग गावात चार्जिंग द्या. ते म्हणाले, त्याचा प्रस्ताव आहे.

प्रस्ताव होता हे खरं. काही दिवसांनी दोन माणसं आली, टेप लावून जागा मोजली आणि शाळेच्या भिंतीवर लाल रंगाने बाण काढून गेली. मग कळलं की आमच्या गावाच्या विजेवर हे चालणार नाही. तुम्हाला आमची वीज माहीत आहे. मे महिन्यात पंखा फिरतो की विचार करतो ते कळत नाही, आणि वारा सुटला की तीही नाही. वादळानंतर तर आम्ही किती दिवस अंधारात काढले ते तुमच्या बाबाला विचारा. चार्जिंगला वेगळा ट्रान्सफॉर्मर हवा, त्याचा वेगळा प्रस्ताव, तो वेगळ्या खात्याकडे. बाण अजून भिंतीवर आहे. तो खाडीकडे दाखवतो.

मग मी भाभीला माझ्या गाडीतून नेऊ लागले. तुमच्या बाबाला हे आवडलं नव्हतं, पण मला गाडी चालवता येते आणि मला त्याचा अभिमानही होता. या रस्त्यावर गाडी चालवणारी पहिली बाई मीच. पहाटे निघायचो. भाभी उशी घेऊन शेजारी बसायची आणि मला हॉर्न वाजवायला सांगायची. पावसाळा संपला आणि घाटात धुकं पडू लागलं. एका सकाळी वळणावर समोरून मोटरसायकल आली, ती मला दिसलीच नाही. भाभी किंचाळली म्हणून ब्रेक लागला. तो माणूस शिव्या देत निघून गेला. आम्ही दोघी कडेला थांबलो. मग ती म्हणाली, "मास्तरीण, यंत्रावर मेले तर चालंल. तुझ्या हातून न्हाय मरायचं मला. तुला मग झोप न्हाय यायची."

श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि सांगितलं, चालवणं बंद. दोन्ही डोळ्यांच्या मागच्या पडद्याचं आहे, त्याला चष्मा नाही. गाडी अजून घरामागे उभी आहे. तुमच्या बाबाला तिचा काय तो निकाल लावायला सांगितलं आहे.

उरली भाड्याची जीप. जीपवाले आपलेच, गावचेच, वाईट नाहीत. पण सुट्टीचे दिवस आले की सगळ्या जीपा पर्यटकांकडे. दिवेआगर, काशीद, समुद्र दाखवा, फोटो काढा. त्यांचंही पोट त्यावर. "आज्जी, उद्या न्हाय जमणार, परवा चालंल काय?" असं ते खरोखर वाईट वाटून विचारायचे. परवा चालत नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. एकदा पाळी चुकली तेव्हा भाभीचे पाय सुजले. पुन्हा चुकली तेव्हा तिला दम लागला, रात्रभर भिंतीला टेकून बसून राहिली आणि सकाळी मला म्हणाली, "बहिणीला फोन लाव."

तिची बहीण मुंब्र्याला राहते. तिच्या इमारतीच्या खालीच यंत्राचं केंद्र आहे. लिफ्ट आहे. बहिणीचा मुलगा न्यायला आला. त्याने गाडी ठरवली होती, भाभीने ती परत पाठवली. माणगावपर्यंत आपण निळ्या गाडीने जायचं, तिथून रेल्वेने, असं तिने ठरवलं होतं. "हाडं दुखत न्हायत तिच्यात," एवढंच कारण सांगितलं.

ती दुपारची गाडी होती. ड्रायव्हर तोच, महिनाअखेर निवृत्त होणार होता. त्याने गाडी दारात आणली आणि हॉर्न वाजवला. या वेळी आतून ओरडा आला नाही. मी तिला धरून बाहेर आणलं. तिच्या हातात उशी होती आणि डबा. डबा तिने ड्रायव्हरच्या हातात ठेवला.

"त्या दिवशीचा मुक्काम झाला न्हाय," ती म्हणाली. "माझी पाळी रायली होती."

"भाभी, दुपारीच जेवलो मी."

"मग डेपोत जाऊन जेव. तुझी गाडी जिथं झोपते तिथं."

डबा त्याने आपल्या सीटमागे नीट ठेवला आणि तिला चढवलं. ती तिच्या जागेवर बसली. मी खिडकीशी उभी होते. काच मोठी होती, पण ती उघडत नव्हती. आत थंड हवा असते ना. त्यामुळे ती शेवटी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी हात केला. गाडी हलली ती कळलीच नाही.

तिचं घर बंद आहे. खाडीकडच्या खोलीच्या खिडकीवर वाळवीची रेघ चढते आहे. मी सांगून काढून घेतली, पुन्हा चढली. मोहल्ल्यातली आणखी दोन घरं या वर्षी बंद झाली. एकाच्या मुलीचं कॉलेज सुटत होतं, दुसऱ्या घरात म्हातारे होते. शाळेसमोर जिथे जुनी गाडी उभी राहायची तिथे ऑइलचा मोठा काळा डाग होता, तो गेल्या पावसात धुऊन गेला. कुणाची पाळी कधी होती हे आता विचारलं तर बायका आठवत बसतात.

तुमच्या शाळेसाठी लिहायचं असेल तर हे लिहा. गाडी चांगली आहे. धूर सोडत नाही, आवाज करत नाही, घाट आरामात चढते. माझा सकाळचा खोकला खरोखर कमी झाला आहे. यातलं काही कमी करून लिहू नका, कारण ते खरं आहे. पुढचं लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मार्क देणाऱ्या बाईंना ते विषयाला सोडून वाटेल.

भाभी रविवारी फोन करते. बहीण चांगली आहे, वीज कधी जात नाही, यंत्र खालीच आहे, पण खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात, असं सांगते. पूर्वी फोन ठेवण्याआधी दर वेळी विचारायची, "काय गो मास्तरीण, गाडी मुक्कामाला लागली काय परत?" मी म्हणायचे, "न्हाय अजून." अलीकडे तिने ते विचारणं सोडलं आहे.